शहराला जावें, पण एकट्यानें जाऊं नये



सुगी आटोपली, परीक्षांचे निकाल लागले, म्हणजे शाळेच्या ओट्यावर एकच प्रश्न घेऊन माणसें येऊं लागतात. कोणी माळी, कोणी सुतार, कोणी धनगर, कोणी चांभार. प्रश्न मात्र सर्वांचा एक : "गुरुजी, पोराला पुण्या-मुंबईकडे धाडूं का?" शाळामास्तराला दाखला लिहून देण्यापलीकडे काय कळतें, असें कोणी म्हणेल. पण वीस वर्षें दाखले लिहिणाऱ्याला कोण गेला, कोण टिकला व कोण हात हालवीत परत आला, एवढें तरी दिसतेंच. म्हणून हा प्रश्न एकदां सर्वांसमक्ष तराजूंत घालून पाहूं.

या कामीं सल्ला देणारे दोन प्रकारचे भेटतात. पहिला शहरांत राहून खेड्याचे पोवाडे गाणारा. हा वर्षांतून एकदां जत्रेला येतो, पिठलें-भाकरी खातो, विहिरीचें पाणी पितो आणि म्हणतो, "अहाहा! काय ही हवा! तुम्ही भाग्यवान आहांत, शहराच्या नादीं लागूं नका." या गृहस्थाला विचारावें, 'बाबा रे, मग तुझीं पोरें कोणत्या शाळेंत आहेत? तुझ्या आईचें डोळ्याचें ऑपरेशन कोठें झालें?' म्हणजे तो घड्याळाकडे पाहूं लागतो. दुसरा सल्लागार गांवचाच पोरगा. दोन वर्षांपूर्वीं गेलेला, दिवाळीला नवा मोबाईल व काळा चष्मा घेऊन आलेला. तो शहराची वर्णनें सांगतो, पण एका खोलींत आठ जण उशाला पाय लावून निजतात, हें सांगत नाहीं. पहिला आपल्या सोयीचें बोलतो, दुसरा आपली अब्रू झांकतो. दोघांचेंही बोलणें अर्धें खरें. अर्ध्या खऱ्यावर घर सोडूं नये, आणि अर्ध्या खऱ्यावर घरांत अडकूनही राहूं नये.

आधीं गांवाचें पारडें पाहूं. गांवांत हक्काचें छप्पर आहे, ओळख आहे, उधार मिळतें, मयताला चार खांदे मिळतात. हें थोडें नव्हे. पण याच गांवानें आमच्या वाडवडिलांना काय दिलें तेंही आठवावें. सुतार-लोहारानें वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे आणि सुगींत खळ्यावर पाटी घेऊन उभें रहायचें. दाणे किती पडतील तें देणाऱ्याच्या मर्जीवर. चांभारानें मोट शिवायची, परटानें कपडे धुवायचे, न्हाव्यानें घरोघर फिरायचें, आणि महारानें तर मेलेल्या ढोरापासून सरकारी टपालापर्यंत सर्व ओझें वहायचें. हुनर हाताला होता, पण त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार हाताला नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं खेड्याच्या गौरवाचा समाचार घेतला, तो उगाच नव्हे. ज्याला वेशीबाहेर ठेवलें त्याला वेशीच्या आंतल्या हवेचें कौतुक कसें वाटावें?

शेतकऱ्याचेंही तेंच. आज्याची दहा एकर, बापाची पांच, आणि आतां तीन भावांत दीड-दीड एकर. त्यांतली निम्मी मुरमाड. पावसानें दगा दिला कीं बियाण्याचे पैसेही मातींत. अशा घरांतल्या तीन भावांपैकीं एकानें बाहेर पडणें ही चैन नव्हे, ती गरज आहे. तेव्हां "शहर वाईट, जाऊं नका" असें मी कधींही म्हणणार नाहीं.

आतां शहराचें पारडें. शहरांत हाताला रोख मजुरी मिळते. सुतार म्हणून गेलेला सुतारकामाचे पैसे मागतो. पाटी घेऊन खळ्यावर उभा रहात नाहीं. मोठीं इस्पितळें आहेत, रात्रीच्या शाळा आहेत, कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी आहे. लोकलगाडींत शेजारीं बसणारा जात विचारीत नाहीं. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. आज जो रविवार आपण सुटीचा म्हणून सहज मानतों, तो मुंबईच्या कामगारांनीं झगडून मिळविलेला आहे. कोंकण व घाटावरून आलेल्या आमच्याच शेतकऱ्यांनीं मुंबईच्या गिरण्या चालविल्या. त्यांना आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं त्यांच्या सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या, रविवारची सुटी, दुपारची अर्धा तास विश्रांति व वेळेवर पगार मागितला. आणि १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी पदरांत पाडून घेतली. म्हणजे शहरानें कामगाराला सुटी दिली असें नाहीं. नवख्या माणसांनीं एकत्र येऊन ती शहराकडून घेतली. हा फरक ध्यानांत ठेवा, कारण पुढचें सर्व यावरच आहे.

दुसरें उदाहरण त्याहून जवळचें. पाटण, जावळीकडचे शेंकडों गडी मुंबईच्या बंदरांत व बाजारांत पाठीवर पोतीं वहात. ना मालकाचा पत्ता, ना मजुरीचा हिशेब. आज काम, उद्यां उपास. पाटण तालुक्यांतल्याच अण्णासाहेब पाटलांनीं त्यांची संघटना बांधली आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळूं लागली. भविष्यनिर्वाह निधि, रजेचा पगार, दवाखाना हीं हमालाच्या वाट्याला आलीं. पोतें तेंच, पाठ तीच, शहर तेंच. बदललें काय? एकट्याचे दहा हजार झाले.

आतां आजच्या पोराचा हिशेब मांडूं. आंकडे उदाहरणादाखल धरा, पण रीत शिकून घ्या. समजा, ठेकेदारानें पगार सांगितला महिना १५,००० रुपये. कापाकापी होऊन हातीं आले १२,५००. खोलीचा वाटा २,५००, खानावळ ३,५००, जाण्या-येण्याचे १,५००, मोबाईल, साबण, औषधपाणी १,०००, सणावाराला गांवीं येण्याचे महिन्याला सरासरी १,०००. एकूण खर्च झाला ९,५००. उरले ३,०००. इकडे गांवीं तो नसल्यामुळें पेरणी-काढणीला मजूर लावावा लागला, त्याचे वजा करा. मग घराला उरलें काय? आपले लोक फक्त पहिला आंकडा ऐकतात आणि एस.टी.चें तिकीट काढतात. सावकाराच्या चोपडींत आपला हिशेब दुसरा लिहीत होता म्हणून आपण बुडालों. आतां स्वतःचा हिशेब तरी स्वतः लिहावा कीं नाहीं?

जो पोरगा हुनर घेऊन जातो, त्याचा हिशेब निराळा होतो. वेल्डिंग, वायरमनचें काम, यंत्रावरचें काम, नळजोडणी, शिवण, रुग्णसेवा, यांपैकीं कांहीं शिकून गेलेल्याला दोन वर्षांनीं पगार वाढवून मागतां येतो. नुसते हात घेऊन गेलेल्याच्या जागीं दुसरे दिवशीं दुसरे हात उभे असतात. तालुक्याच्या आय.टी.आय.चीं एक-दोन वर्षें हीं "वायां" नव्हेत. कोंवळा ऊस तोडून गाळपाला नेला तर उतारा कमीच पडतो.

पैशानंतर खोली. नव्या शहरांत पहिला मार बसतो तो येथें. १९१७ सालीं डॉ. आंबेडकर परदेशची विद्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांना रहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत नांव लपवून रहावें लागलें, आणि ओळख पटतांच लोक काठ्या घेऊन आले व त्यांना बाहेर काढलें. एवढ्या विद्वानाची ही गत, तर आपल्या पोराची काय कथा? तो काळ गेला, काठ्या गेल्या, पण खोली पहायला गेल्यावर गोड आवाजांत "आडनांव काय आपलें? जेवणांत काय काय चालतें?" असें विचारणारे अजून आहेत. लोकलमध्यें न विचारलेली जात दारावर विचारली जाते, हें पोराला आधींच सांगून ठेवा, म्हणजे तो गांगरणार नाहीं.

येथें कायद्याची एक गोष्ट प्रत्येकानें गांठीला बांधावी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें भाड्याचा करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. पोरें अनामत रक्कम हातावर देतात, पावती घेत नाहींत, आणि खोली सोडतांना "कसली अनामत?" असें ऐकून घेतात. लेखणीला भिणाऱ्याला शहर लुबाडतें.

आतां बायकांचा विचार. गडी शहरांत आणि बायको गांवीं, ही जुनी रीत. ती शेत राखते, ढोरें राखते, सासू-सासऱ्यांचें करते. पण सात-बारावर तिचें नांव नाहीं, आणि नवऱ्याचे पैसे सासऱ्याच्या हातीं येतात. बियाणें आणायचें तरी तिनें हात पसरायचा. असें असेल तर शहराचा फायदा घराला झाला असें म्हणतां येत नाहीं. एकाचा भार दुसऱ्याच्या डोकीवर गेला एवढेंच. उलट ती बरोबर गेली, तर पाण्याची रांग, दहा फुटांची खोली व मुलांना सांभाळायला कोणी नाहीं हा त्रास आहेच. पण तिच्या स्वतःच्या हातीं पैसा येतो. मुंबईच्या गिरणगांवांत शेंकडों बायांनीं घरांत चुली पेटवून गिरणीच्या गड्यांना जेवण घातलें. या खानावळवाल्या बायांवर वाण्याचें कर्ज असे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, बँकेचें कर्ज मिळवून दिलें. येथेंही तोच धडा. एकट्या बाईला वाण्यानें पिळलें, मंडळाला बँकेनें दार उघडलें. म्हणून सांगतों, पोराला धाडण्याचा निर्णय ओसरीवर गडीमाणसांनींच करूं नये. जिच्यावर भार पडणार तिलाही विचारावें, आणि पैसे पाठवायचे तर तिच्या नांवच्या खात्यावर पाठवावे.

जमिनीविषयीं तर माझें मत ठाम आहे. शहरांत खोली घेण्यासाठीं किंवा एजंटाला नोकरीचे पैसे भरण्यासाठीं जमीन विकूं नये. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. लक्षावधि लोकांनीं शहर सोडलें. जे गिरणी कामगार गांवीं गेले त्यांना टेंकायला गांव होतें, आणि राहिलेले टिकावेत म्हणून गिरणीवाल्यांवर रोजच्या रोज मजुरी मोजण्याची पाळी आली. लोखंडे मात्र प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां १८९७ सालीं त्याच रोगानें गेले. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ज्याचें गांवीं चार गुंठे का होईना होतें तो कांहीं काळ तरी तगला, ज्यानें तें विकून टाकलें होतें त्याचे हाल कुत्र्यानें खाल्ले नाहींत.

आणि २०२० तर आपण डोळ्यांनीं पाहिलें. २४ मार्चच्या रात्रीं चार तासांच्या सूचनेनें देश बंद झाला. कारखाना बंद, खानावळ बंद, गाडी बंद. माणसें डोक्यावर बोचकीं घेऊन चालत निघालीं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत राबणारे मध्यप्रदेशचे मजूर रेल्वेच्या रुळांवरून चालतां चालतां थकून तेथेंच निजले, आणि ८ मेच्या पहांटे करमाडजवळ मालगाडी त्यांच्यावरून गेली. सोळा माणसें मेलीं. तीं आपल्या जातीचीं नव्हतीं, आपल्या भाषेचीं नव्हतीं. पण आपल्यासारखींच शेतावरून उठून पोटासाठीं आलेलीं होतीं. परप्रांतीय म्हणून त्यांच्यावर दांत खाणाऱ्या आपल्या पोरांना हें सांगा कीं, पुण्याच्या खोलींत तूंही उपराच आहेस.

त्या माणसांचें काय चुकलें? कांहीं नाहीं. ज्या गांवीं तीं राबत होतीं तेथें त्यांचें म्हणून कोणी नव्हतें. हीच शहराची खरी तोट्याची बाजू. धूर, गर्दी, महागाई हे तोटे माणूस सोसतो. पण आजारीं पडल्यावर पाणी देणारें कोणी नसणें, ठेकेदारानें पगार बुडविल्यावर बरोबर चार माणसें नसणें, हा तोटा माणसाला बुडवितो.

आमचे आजे-पणजे या बाबतींत आपल्याहून शहाणे होते. लिहितां येत नव्हतें, पण त्यांनीं मुंबईंत गांवकीच्या खोल्या केल्या. सबंध गांवानें मिळून एक खोली भाड्यानें घ्यायची. प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी. एक पाळी कामावर गेली कीं दुसरी तेथेंच निजायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे. नवा पोरगा बंदरावर किंवा ठेसनावर उतरला कीं थेट त्या खोलीवर. काम लागेपर्यंत कोणी त्याच्याकडे भाडें मागत नसे. कोणी मेला तर वर्गणी काढून गांवीं कळवीत. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्द्यांनींही धोबीतलावाकडे आपापल्या गांवांचे असेच 'कूड' उभारले. त्या खोल्यांत हवा नव्हती, उजेड नव्हता, पण नवख्याला पत्ता होता.

मात्र त्या खोल्यांचा दोषही झांकून ठेवणार नाहीं. गांवच्या भिंती त्यांनीं बरोबर नेल्या. पाटलाच्या वाड्यांतला एका खोलींत, वेशीबाहेरचा दुसऱ्या चाळींत. शहरांत जाऊनही गांवचें विष पेटींत घालून नेलें. आपल्याला खोली जुनी हवी, विष नको. त्याला आधार आपल्याच इतिहासांत आहे. १९०१ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत खेड्यांतल्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें व पुढें जातीजातींच्या मुलांसाठीं अनेक काढलीं, कारण शाळा असून रहायला जागा नसेल तर कुणब्याचा पोर शिकणार कसा, हें त्यांनीं ओळखलें. भाऊराव पाटलांनीं एक पाऊल पुढें टाकलें. १९२४ सालीं साताऱ्यांत त्यांनीं सर्व जातींच्या मुलांना एका छपराखालीं, एका पंगतीला आणलें. शहराची भाकर पहिल्यानें ज्यांना मिळाली, त्यांतले कितीतरी या छपरांखालून गेलेले आहेत.

तेव्हां माझें सांगणें एवढेंच. पोर जाणार असेल तर जाऊं द्या. पण गांवानें त्याच्या मागें उभें रहावें. चाकण म्हणा, भोसरी म्हणा, पनवेल म्हणा, जेथें आपल्या गांवचीं दहा-पांच माणसें आहेत, तेथें गांवाच्या नांवानें एक खोली नोंदलेल्या करारानें घ्यावी. जे तेथें आधींच स्थिरावले त्यांनीं महिन्याला थोडी वर्गणी द्यावी; त्यांनाही एके काळीं कोणी आसरा दिलाच होता. नव्या पोराला पहिले तीन महिने तेथें रहातां यावें, मग त्यानें जागा मोकळी करावी. आडनांव विचारूं नये. वही ठेवावी व ती दर महिन्याला सर्वांपुढें वाचावी. मुलींसाठीं निराळी खोली असावी. नर्सिंग व शिवणकाम शिकायला निघालेल्या पोरी केवळ जागेअभावीं घरीं बसतात.

आणि त्या खोलींत एक जाणता असावा, जो नवख्याला चार गोष्टी करायला लावील. ठेकेदाराचें नांव, पत्ता व हजेरी स्वतःच्या वहींत टिपणें. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घेणें. पगारांतून कापलेला तो पैसा आपली ठेव आहे, ती ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे. बांधकामावर असेल तर ९० दिवसांच्या कामाचा दाखला घेऊन कामगार कल्याणकारी मंडळांत नोंदणी करणें. रेशनकार्ड गांवीं असलें तरी आतां आपला वाटा शहरांतल्या दुकानांतून उचलतां येतो व उरलेला घरच्यांना गांवीं मिळतो, तो सोडूं नये. यांतलें एकही काम अवघड नाहीं. पण सांगणारा नसला कीं पोरगा वर्षानुवर्षें राबतो आणि कागदावर कोठेंच नसतो.

कोणी म्हणेल, हें ज्याचें त्यानें पहावें, गांवाला काय पडलें आहे? अहो, तीन दिवसांच्या जत्रेला व तमाशाला घरटी वर्गणी निघते, स्वागताच्या फलकांवर हजारों रुपये जातात, आणि ज्या पोरांच्या पैशावर ती जत्रा भरते त्यांना शहरांत टेंकायला एक खोली घेववत नाहीं, ही कसली गांवकी? येत्या महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेंत हा एक ठराव मांडा. गांवाबाहेर किती माणसें आहेत, कोठें आहेत, कोणत्या कामावर आहेत, याची यादी आधीं करा. यादी लिहायला माणूस नसेल तर आम्ही शाळामास्तर कशाला आहोंत? गांव करी तें राव न करी, ही म्हण आपण नुसती फळ्यावर लिहितों. ती आतां शहरांतल्या एका खोलीच्या दारावर लिहूं या.